ओमेतेपे : गोड्या समुद्रातले सहा दिवस

माझी भाची दोन वर्षांपासून कोस्टारिकाच्या राजधानीत, सान होसे येथे, नोकरीला आहे. मी साताऱ्यातील शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झालो, तेव्हा तिने फोनवर विचारले, "मामा, ज्वालामुखी फळ्यावर काढून काढून कंटाळला नाहीत का? या, एक खरा दाखवते." कोस्टारिकातही ज्वालामुखी पुष्कळ आहेत, पण मी नकाशा उघडून बसलो आणि बोट सीमेपलीकडे निकाराग्वात गेले. तिथे कोसिबोल्का नावाचे, ८,००० चौरस किलोमीटरहून मोठे गोड्या पाण्याचे सरोवर आहे आणि त्यात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे ओमेतेपे हे बेट आहे. आठाच्या प्रत्येक गोलात एक ज्वालामुखी आणि मध्ये एक बारीक मान. फेब्रुवारीच्या मध्यावर, म्हणजे तिकडच्या कोरड्या ऋतूत, आम्ही निघालो.

पहिला दिवस : सीमा, पवनचक्क्या आणि बोट

पेन्यास ब्लांकास या सीमेवरच्या ठाण्यात दोन्ही बाजूंच्या रांगांमध्ये अडीच तास गेले, यापलीकडे त्या ठाण्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. भारतीय पासपोर्टधारकांनी प्रवेशाचे नियम निघण्यापूर्वी ताजे तपासावेत आणि जवळ न फाटलेल्या, न मळलेल्या लहान डॉलरच्या नोटा ठेवाव्यात, एवढे पुरे.

सीमेपासून रिवासकडे जाणारा महामार्ग उजव्या हाताला सरोवर ठेवून जातो. पहिल्या वळणानंतर पाणी दिसेल या अपेक्षेने मी काच खाली केली आणि दिसल्या त्या पवनचक्क्या, एकामागून एक, सरोवराच्या काठाने उभ्या. वनकुसवड्याच्या पठारावर ज्याने त्या पाहिल्या आहेत, त्याला त्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही: इथे वारा नेमाने येतो. कॅरिबियन समुद्रावरून येणारे ईशान्य व्यापारी वारे मध्य अमेरिकेच्या डोंगररांगांना अडतात. मात्र निकाराग्वाच्या या सखल सरोवरपट्ट्यात त्यांना मोकळी खिंड मिळते आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात ते इथून पॅसिफिककडे जोराने घुसतात. त्या चक्क्यांच्या पात्यांमागे, पाण्यावर, निळसर रंगाचे दोन शंकू उभे होते. डावीकडचा अगदी रेखीव, माथ्यावर ढगाची टोपी घातलेला. उजवीकडचा बसका आणि रुंद.

"दोन बेटं आहेत का?" भाचीने विचारले. मी नकाशा पाठ करून आलेला मास्तर. एकच आहे म्हणून सांगितले, पण डोळ्यांना दोनच दिसत होती आणि तिचा विश्वास बसला नाही.

सान होर्हे हे बोटीचे गाव. स्पॅनिश सेनानी हिल गोन्सालेस दाविला १५२० च्या दशकात या काठावर पोहोचला. पुढे क्षितिजापर्यंत पाणी आणि त्यावर लाटा पाहून समुद्रच लागला असे कोणालाही वाटावे, पण पाणी गोड निघाले. स्पॅनिश लोक या सरोवराला 'गोडा समुद्र' म्हणू लागले. हे नाव किती नेमके आहे ते बोट धक्क्यापासून शंभर मीटर गेल्यावर पटले. तासाभराचा प्रवास; त्यातला निम्मा वेळ बोटीचे नाक वर आणि पोट खाली. शेजारच्या बाकावर एक आजी कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन झोपल्या होत्या. मी मात्र कठडा धरून उभा होतो. सरोवर उथळ आहे, सर्वांत खोल ठिकाणी सुमारे २६ मीटर, आणि उथळ पाण्यावर असा लांबून धावत येणारा वारा आखूड, उभ्या, ठोसे मारणाऱ्या लाटा उठवतो. वारा फार झाला तर बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात. म्हणून सकाळची बोट धरावी आणि परतीच्या विमानाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवावा.

मोयोगाल्पा या पश्चिमेकडच्या बंदरगावात उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. खोलीच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे गाव दोन्या म्हणून हाक मारते, किल्ली देण्याआधी एकच सूचना दिली: दिवा लावायचा तर दार बंद करूनच. मी ती मनावर घेतली नाही. दहा मिनिटांत दिव्याभोवती धूर उठावा तसे बारीक चिलटांचे लोट आले. भिंत, उशी आणि उघडे तोंड असे काहीच त्यांनी सोडले नाही. यांना इथे चायुले म्हणतात. ती चावत नाहीत, सरोवराच्या गाळात त्यांच्या अळ्या वाढतात आणि पंख फुटले की उजेडाकडे झेपावतात. दुसऱ्या दिवशी खोली झाडताना दोन्यांनी दोन सुपल्या भरून मेलेली चिलटे काढली आणि हसत सांगितले की मोयोगाल्पा या, नहुआत्ल या इथल्या जुन्या भाषेतल्या, नावाचा अर्थच डासांचे ठिकाण असा आहे.

दुसरा दिवस : वाळूचा दांडा आणि हिरवा डोह

रविवार होता, आणि रविवारी सकाळी निकाराग्वात नाकातामाल खातात. मक्याच्या पिठाचा गोळा, त्यात डुकराचे मांस, भात, बटाटा आणि पुदिन्याचे पान, हे सगळे केळीच्या पानात बांधून रात्रभर वाफवलेले. पान उलगडल्यावर जो वास आला तो कोकणातल्या पानगीचा होता. चव मात्र सर्वस्वी वेगळी. शाकाहारी मंडळींचा आधार गाल्यो पिंटो. नावाचा अर्थ ठिपक्यांचा कोंबडा, पण त्यात कोंबडा औषधालाही नसतो. भात आणि लाल घेवडा कांद्यावर परतलेला. कोरेगावचा वाघ्या घेवडा ज्याने खाल्ला आहे, त्याने तो तीन वेळा तीन दिवस खाल्ला तरी तक्रार करू नये. सोबत लालभडक थंडगार पेय आले, ते हामाइका. दोन घोट घेतल्यावर ओळख पटली: अंबाडीच्या बोंडांचे सरबत.

रविवारी बस फार थोड्या असतात, म्हणून भाड्याने स्कूटर घेतली. बेटाचा मुख्य रस्ता सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकचा आणि चांगला आहे. रस्त्याच्या दोन्ही कडांना गुलाबी फुलांनी लदबदलेली कुंपणे पाहून मी थांबलो. ते गिरिपुष्प होते. आपल्याकडे शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावतात ते झाड मूळचे याच भागातले. इथे त्याच्या फांद्या खांब म्हणून रोवतात, त्या रुजतात आणि कुंपण जिवंत होते. आपल्या बांधावरच्या झाडाच्या माहेरी आल्याचा आनंद भाचीला समजावून सांगता आला नाही.

पुंता हेसुस मारिया येथे वाळूचा एक लांब दांडा सरोवरात शिरला आहे. वाळूचा दांडा ही आकृती मी फळ्यावर कितीदा काढली असेल. चालून मात्र प्रथमच गेलो. डाव्या बाजूच्या लाटा उजवीकडे आणि उजव्या बाजूच्या डावीकडे येत होत्या, आणि दोन्ही नेमक्या माझ्या पायांखाली भेटून, हातातली राखाडी वाळू तिथेच टाकून परत जात होत्या. पावसाळ्यात सरोवर चढले की हा दांडा बराचसा पाण्याखाली जातो. टोकाला उभे राहून मागे वळले की कोन्सेप्सिओन, म्हणजे दोन ज्वालामुखींपैकी तो रेखीव शंकू, पूर्ण दिसतो, पायथ्यापासून माथ्यापर्यंत; निदान ढग बाजूला असेल तितका वेळ. आमच्या वाट्याला चार मिनिटे आली.

दुपारी चार्को वेर्दे, म्हणजे हिरवा डोह. वाळूच्या बांधाने सरोवरापासून तोडलेले हे खाजण दाट झाडीत आहे आणि पाणी शेवाळी हिरवे. या डोहाच्या तळाशी चिको लार्गो नावाच्या अशरीरी पुरुषाचे गाव आहे अशी बेटावरची समजूत. त्याच्याशी करार करावा, जिवंतपणी श्रीमंत व्हावे आणि मेल्यावर त्याच्या गोठ्यातले जनावर व्हावे. वाट दाखवणाऱ्या मुलाने ही गोष्ट अगदी सरळ चेहऱ्याने सांगितली आणि शेवटी हळूच पुस्ती जोडली की अमुक गावातल्या अमक्याकडे अचानक इतकी जनावरे कुठून आली, हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे डोहाकाठी साती आसरा असतात; त्या कुणाला श्रीमंत करत नाहीत, एवढाच फरक.

तिसरा दिवस : कोन्सेप्सिओनचा अर्धा डोंगर

कोन्सेप्सिओनची उंची १,६१० मीटर. कळसूबाईपेक्षा जेमतेम ३६ मीटर कमी. हा आकडा वाचून मी आधी निर्धास्त होतो. पण कळसूबाईच्या पायथ्याचे गावच मुळात कितीतरी उंचावर आहे. इथे सरोवराची पातळी समुद्रापासून सुमारे ३२ मीटर, आणि डोंगर तिथूनच सुरू होतो. शिवाय सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा आहे, लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक बसलेले, चढाईत मध्ये मध्ये विसाव्याला सपाटी देणारे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून पातळ वाहिला आणि पसरला; त्याने शंकू उभे केले नाहीत. कोन्सेप्सिओन हा संमिश्र ज्वालामुखी, एकाच तोंडातून आळीपाळीने लाव्हा, दगड आणि राख टाकत स्वतःभोवती ढीग रचत गेलेला. त्यामुळे उतार जसजसे वर जावे तसतसा उभा होत जातो आणि विसावा कुठेच नाही.

दोन्ही ज्वालामुखींवर वाटाड्या घेणे बंधनकारक आहे. लोक धुक्यात वाट चुकून जिवाला मुकले आहेत, तेव्हा ही सक्ती योग्यच. पहाटे साडेपाचला निघालो. पहिला तास प्लांटेनच्या, म्हणजे भाजीच्या मोठ्या केळ्यांच्या, बागांमधून. राखेने ही जमीन इतकी सुपीक केली आहे की सगळ्या देशाला इथून प्लांटेन जाते. नंतर रान. अचानक डोक्यावर कोणीतरी ट्रक घाटात पहिल्या गिअरवर चढवत असल्यासारखा आवाज आला. भाची माझ्या मागे लपली. ते हाउलर माकड होते, आकाराने आपल्या वानरापेक्षा लहान, आणि आवाज काढून झाल्यावर शांतपणे पाने खात बसले.

साधारण १,००० मीटरवर झाडी संपते. पुढे सुटे दगड, राख आणि ढग. गुडघ्यांनी इथेच निर्णय दिला आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, कारण ढग फाटला तेव्हा पाठीमागे जे दिसले ते माथ्यावरच्या वाफेत दिसले नसते. खाली सरोवर, पलीकडे रिवासची अरुंद भूमी, तिच्यावर काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या पवनचक्क्या आणि त्याच्याही पलीकडे एक चकाकती पट्टी. वाटाड्या म्हणाला, पॅसिफिक. सरोवर आणि तो महासागर यांच्यामध्ये सर्वांत अरुंद जागी २० किलोमीटरही जमीन नाही. असे असून सरोवराचे पाणी तिकडे जात नाही. ते उलट दिशेला, सान हुआन नदीने सुमारे २०० किलोमीटर वाहत कॅरिबियन समुद्राला मिळते. याच उलट्या ओघामुळे एकोणिसाव्या शतकापासून लोक इथे कालव्याची स्वप्ने पाहत आले: नदीने वर या, सरोवर ओलांडा आणि उरलेली चिंचोळी पट्टी खणा. १९०२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे निकाराग्वा की पनामा असा प्रश्न होता, तेव्हा पनामाचा कैवारी फिलिप ब्युनो-वारिया याने प्रत्येक सिनेटरला निकाराग्वाचे टपाल तिकीट पाठवले, धुमसणाऱ्या मोमोतोम्बो ज्वालामुखीचे चित्र असलेले. पारडे पनामाकडे झुकायला त्या तिकिटाचाही हात लागला. २०१३ मध्ये एका चिनी कंपनीला दिलेला कालव्याचा मक्ता २०२४ मध्ये रद्द झाला. वाटाड्याला हा विषय काढल्यावर त्याने फक्त हातातली काठी सरोवराकडे केली आणि विचारले, "हे पाणी आम्ही पितो. इथून जहाजं न्यायची?"

उतरताना त्याने एका घळीत थांबवले. दोन पुरुष खोल, कोरडी, भिंती सरळ कापलेल्या. पावसाळ्यात माथ्यावरची सुटी राख पाण्यात मिसळते आणि पातळ सिमेंटसारखा लोट या घळीतून खाली येतो. अशा चिखललोटांनी खालचा रस्ता अधूनमधून तुटतो. भिंतीत थर स्पष्ट होते: बोटभर राख, हातभर गोटे, पुन्हा राख. मी नखाने एक राखेचा थर खरवडला; तो पिठीसाखरेसारखा सुटला आणि नखात काळा राहिला. दीर्घ शांततेनंतर हा डोंगर १८८३ मध्ये जागा झाला आणि तेव्हापासून पुन्हा पुन्हा राख टाकत आला आहे. १९५७ च्या मोठ्या उद्रेकात सरकारने बेट रिकामे करण्याचा हुकूम दिला, तेव्हा लोकांनी हलण्यास नकार दिला. २०१० मध्येही राख पडली. त्या वर्षी काय केलेत असे मी विचारले. छपरावरची राख झाडली, वाटाड्या म्हणाला, आणि पुढच्या वर्षी केळी चांगली आली.

या डोंगराची माझ्या मते सर्वांत नवलाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मध्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ कोकोस भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो, म्हणून या किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची माळ आहे, आणि सरोवर आहे तेही जमीन खचून झालेल्या दरीत. म्हणजे कोन्सेप्सिओन उभा आहे तो कातळाच्या जोत्यावर नव्हे, तर सरोवराच्या मऊ गाळावर. त्याच्या वजनाने गाळ दबतो, डोंगर आपल्याच भाराने खचतो आणि बाजूंना पसरू पाहतो. पायथ्याभोवती सरोवराच्या तळाचे थर वर उचलले गेलेले अभ्यासकांना सापडले आहेत. शेजारचा मादेरास, बेटावरचा दुसरा ज्वालामुखी, हा वयाने थोरला, आणि त्याचे असे पसरून झालेले आहे. पहिल्या दिवशी तो बसका का दिसला होता, त्याचे हे एक कारण.

चौथा दिवस : मान

ओमेतेपे या नावात नहुआत्ल भाषेतले 'दोन' आणि 'डोंगर' आहेत. मधल्या सखल पट्टीचा, इस्तियानचा, नावात उल्लेख नाही आणि पर्यटकांच्या यादीतही ती क्वचित असते. मला विचाराल तर बेट समजून घ्यायचे असेल तर एक शिखर सोडावे आणि तो दिवस इथे द्यावा.

दोन्ही डोंगरांनी उतारावरून लोटलेला गाळ आणि राख मध्ये साचत गेली आणि दोन बेटे जोडली गेली. ही संयोगभूमी काही ठिकाणी सरोवराच्या पातळीपेक्षा नावालाच उंच आहे. दक्षिण बाजूने इस्तियान नावाचा संथ ओढा तिच्या पोटात शिरतो आणि दलदल होतो. पहाटे सहाला, वारा उठण्यापूर्वी, आम्ही वाटाड्यासोबत कायाक घेऊन निघालो. ओढ्याच्या मुखाशी पाणी आरशासारखे होते. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना पाण्यात उभी असलेली झाडे, प्रत्येक वाळक्या ओंडक्यावर उतरत्या क्रमाने बसलेली कासवे, आणि एका ठिकाणी वाटाड्याने वल्हे आडवे धरून खूण केली. दोन डोळे आणि नाकपुड्या पाण्यावर होत्या, बाकी केमन जातीची लहान सुसर पाण्याखाली. आमच्यात चार हातांचे अंतर. तिने पापणी मिटली, उघडली आणि बुडबुडाही न काढता खाली गेली. ओढ्यातून एका बाजूला कोन्सेप्सिओन आणि दुसऱ्या बाजूला मादेरास, दोन्ही सारख्याच जवळ. दोघांचे प्रतिबिंब एकाच पाण्यात दिसते अशी जागा हीच.

शार्क आहेत का, हा प्रश्न भाचीने विचारलाच. आहेत, पण आता अगदी दुर्मीळ. पूर्वी हे शार्क या सरोवरातच कोंडले गेलेले वेगळ्या जातीचे मानले जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माशांना खुणेच्या पट्ट्या लावल्यावर कळले की हे समुद्रातलेच बुल शार्क. सान हुआन नदीचे खळाळ चढून ते सरोवरात येतात आणि परतही जातात. नंतर बेसुमार मासेमारीने त्यांचा आणि करवत माशांचा जवळपास निकाल लागला.

परतताना साडेआठ वाजून गेले आणि वारा आला. वारा ईशान्येचा, मान सखल, त्यामुळे त्याला अडवणारे काही नाही, आणि तो दोन डोंगरांमधून गाळून आल्यासारखा अधिक जोराने आमच्या पाठीवर बसला. लाटा मोठ्या नव्हत्या, कारण आम्ही आडोशाच्या बाजूला होतो, आणि हाच फसवणारा भाग: पाणी शांत दिसते, पण वारा काठापासून आत खोल सरोवराकडे ढकलतो. पाऊण तास वल्ही मारून आम्ही दोनशे मीटर मागे आलो असू. शेवटी वाटाड्याने माझ्या कायाकला दोरी बांधली. वय पन्नाशीपुढचे असेल तर सकाळी आठच्या आत काठाला लागावे. ही सूचना मी दुखऱ्या खांद्यांनिशी देत आहे.

मान ओलांडून पलीकडे सांतो दोमिंगोला गेलो तर तिथे दुसरेच हवामान. वाऱ्याच्या बाजूचा हा किनारा. काळसर वाळूवर समुद्रासारख्या लाटा फुटत होत्या आणि फेस रस्त्यापर्यंत उडत होता. जेवणाच्या टपरीत अख्खा तळलेला ग्वापोते मासा आणि प्लांटेनचे काप मागवले. लांब शेपटीचा, डोक्यावर पुढे वळलेला तुरा असलेला निळा-पांढरा उराका पक्षी खुर्चीच्या पाठीवर येऊन बसला. मी मीठ घ्यायला वळलो. तेवढ्यात माझ्या ताटातला सर्वांत मोठा काप नाहीसा झाला. टपरीवाल्या बाईंनी न विचारता दुसरा आणून ठेवला. हे रोजचेच असावे.

अंग सैल करायला जवळच ओहो दे आग्वा, म्हणजे पाण्याचा डोळा, हा बांधलेला झऱ्याचा तलाव. ज्वालामुखीच्या उतारावर पडलेला पाऊस सच्छिद्र खडकात मुरतो आणि इथे तळातून वर येतो. पाणी थंड आणि इतके स्वच्छ की तळावर पडलेले नाणे कोणत्या देशाचे ते सांगता यावे. मी दोन तास बाहेर आलो नाही.

पाचवा दिवस : मादेरासचे दगड

मादेरास १,३९४ मीटर, ज्ञात इतिहासात निद्रिस्त, माथ्यावर विवरात तळे आणि भोवती धुक्याचे अरण्य. माथा आम्ही सोडला. पायथ्याशी बाल्ग्वे गावावर एक सहकारी कॉफीमळा आहे. त्याच्या सावलीच्या झाडांखाली, कॉफीच्या ओळींमध्ये, स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीचे कोरलेले दगड विखुरले आहेत. मादेरासच्या उतारांवर अशी शेकडो शिळाचित्रे नोंदली गेली आहेत, आणि ती जागच्या जागी, उघड्यावर आहेत.

मळ्यातल्या वृद्ध वाटाड्याबरोबर निघालो. पहिल्या दगडापाशी मला काहीच दिसेना. शेवाळ आणि पालापाचोळा. त्याने कमरेचा भोपळ्याचा तुंबा काढला, ओंजळभर पाणी दगडावर टाकले आणि तळव्याने एकदा पुसले. ओल्या काळ्या पृष्ठावर एक सर्पिलाकार रेष उमटली, तिला जोडून दुसरी, उलट फिरणारी. मी रेषेत बोट ठेवून मधून बाहेर गेलो. खाच माझ्या बोटाच्या पेराएवढी रुंद आणि आतून गुळगुळीत. पाणी वाळत गेले तशी रेष कडांकडून नाहीशी झाली. याचा अर्थ काय, असे विचारल्यावर वाटाड्या म्हणाला, "एक म्हणतात कालदर्शिका, एक म्हणतात बेट. दोन गोल आहेत ना."

उतारावरची खोल घळ दाखवताना तो गंभीर झाला. निद्रिस्त डोंगर निरुपद्रवी असतो असे नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये अतिवृष्टीने मादेरासच्या पूर्व उतारावरून चिखललोट आला आणि एल कोरोसो गावातली सहा माणसे गेली. त्यात आगीचा संबंध नव्हता. जुनी, कुजलेली, पाणी प्यायलेली राख आणि उभा उतार एवढे पुरेसे झाले. माळीण ज्यांना आठवते त्यांना अधिक सांगायला नको.

बाल्ग्वेच्या पुढे रस्ता दगडांचा आहे. तिथे आमच्या स्कूटरचे मागचे चाक बसले आणि भाड्याने देणाऱ्याचा फोन लागेना. शेतातून आलेल्या दोन पोरांनी स्कूटर बैलगाडीत घातली. त्या गाडीच्या मागे चालत आम्ही तासाभराने पंक्चरवाल्याकडे पोहोचलो. पैसे विचारले तर पोरांनी भाचीकडे पाहून हसत फक्त थंड पेय मागितले. मादेरासच्या वाटेला दुचाकी न्यायचीच तर जाड टायरची न्यावी, आणि सान रामोनचा धबधबा बघायचा असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. आमचा तो त्या बैलगाडीत गेला.

सहावा दिवस : परत

बेटावरच्या आल्ताग्रासिया गावातील चर्चच्या आवारात काळ्या दगडाच्या जुन्या मूर्ती उभ्या आहेत, माणसाच्या डोक्यावर किंवा पाठीवर प्राणी स्वार झालेला. आमच्याकडे अर्धाच तास होता, आणि तो अपुरा होता. बेटाला २०१० मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. त्याची पाटी वाचत असतानाच बस आली.

मोयोगाल्पाच्या धक्क्यावर प्लांटेनचे घड रचलेले ट्रक आधी बोटीत चढले, मग माणसे. दोन्यांनी वाटेसाठी केळीच्या पानात गुंडाळलेले चीज आणि भाजलेले प्लांटेन दिले होते. वारा आदल्या दिवसापेक्षा कमी होता, त्यामुळे या वेळी मी बसून होतो आणि मागे पाहू शकत होतो. आधी मोयोगाल्पाची घरे गेली, मग काठावरची झाडे. कोन्सेप्सिओनच्या उजव्या अंगाला मादेरास बाहेर आला, आणि दोघांच्या मध्ये जिथे कासवांची दलदल, झऱ्याचा तलाव आणि माझ्या ताटातला काप पळवणारा उराका होता, तिथे पाण्याची सरळ रेघ होती. पृथ्वीच्या वळणाने मान क्षितिजाखाली गेली होती.

"दोन बेटं," भाची म्हणाली आणि पानातले शेवटचे प्लांटेन तिने माझ्यापुढे केले.